अण्णांची शपथ आणि पांढरा कोळसा

‘‘व्हॉट डिड शी से?’’ रामनाथन यांनी माझ्याकडे वळून विचारलं.

मांडवात टाळ्या वाजत होत्या. सगुणाबाई बोलणं संपवून, डोक्यावरचा पदर सारखा करून खाली बसल्या होत्या. कारखान्याचे मालक अण्णा जगताप खुर्चीतून अर्धवट उठून सगळ्यांना हात जोडत होते. माझ्या शेजारी बसलेले आमचे बॉस साठे सर खाकरले. सर्दी नसताना ते खाकरले की त्याचा अर्थ ‘वाघमारे, जपून’ असा असे.

सगुणाबाई जे बोलल्या त्यात वाईट असा एक शब्द नव्हता. उलट त्यांनी अण्णांची तोंडभर स्तुती केली होती. आणि त्या स्तुतीनेच आमचा प्रोजेक्ट बुडणार होता.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

तेव्हा पुण्यात इंजिनिअर झालेल्याने सॉफ्टवेअरमध्ये जायचं असा जवळजवळ नियमच होता. माझ्या बॅचचे निम्मे लोक कंपनीच्या बसने हिंजवडीला जात, उरलेले व्हिसाच्या मागे होते. मी खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते आणि आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी मेकॅनिकल केलं आणि कर्वे रस्त्यावरच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत लागले. काम कार्बन क्रेडिटचं. शेजारणी आईला विचारायच्या, मुलगी काय करते? आई सांगायची, ‘‘धुराचं काहीतरी बघते.’’ याहून चांगली व्याख्या मला आजतागायत सुचलेली नाही.

कार्बन क्रेडिट म्हणजे न निघालेला धूर विकणं. श्रीमंत देशांतल्या कंपन्यांवर त्यांच्या सरकारांनी धूर कमी करण्याचं बंधन घातलं होतं. आपल्याकडे तसं बंधन नव्हतं. त्यांना स्वतःचा धूर कमी करणं महाग पडायचं. म्हणून आपल्याकडे कुणी धूर कमी केला, तर तेवढं श्रेय त्यांनी विकत घ्यायचं, अशी ती व्यवस्था. कमी झालेल्या एका टन कार्बन डायऑक्साइडमागे एक क्रेडिट.

ऐकायला सोपं आहे. खरी मेख पुढे आहे. त्याला ॲडिशनॅलिटी म्हणतात. म्हणजे असं, की हे पैसे मिळणार नसते तर आपण हे काम केलंच नसतं, हे सिद्ध करायचं. कारण एरवीही जे होणारच होतं, त्याचे पैसे कोण कशाला देईल? नियम चुकीचा नाही. पण त्यामुळे नुसतं चांगलं काम करून भागत नाही. आपल्या मनात ते करायचं नव्हतं हेही पटवून द्यावं लागतं. साठे सर प्रत्येक नव्या क्लायंटला चहा पाजून सांगत, ‘‘आपण मनाने किती वाईट आहात, यावर आपलं क्रेडिट अवलंबून आहे.’’ काही क्लायंट हसत. काही उठून जात.

अण्णांचा हडपसरला कागदाचा कारखाना होता. रद्दी भिजवायची, तिचा लगदा करायचा आणि त्यातून खोक्यांचा जाड तपकिरी कागद काढायचा. ओला कागद वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलर चालायचा फर्नेस ऑइलवर. हे डांबरासारखं काळं, जाड तेल. त्याचा धूरही तसाच. पुढे अण्णांनी ते बंद करून नवा बॉयलर बसवला. तो पांढऱ्या कोळशावर चालणारा. पांढरा कोळसा म्हणजे कोळसाच नव्हे. उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या त्या कांड्या असतात. पीक पुन्हा उगवतं आणि जाळलेला कार्बन हवेतून परत घेतं, म्हणून तो धूर हिशेबात धरत नाहीत. क्रेडिटसाठी याहून सरळ केस नव्हती.

पण नवा बॉयलर अण्णांना जड जात होता. सगळ्याच कारखान्यांना एकदम पांढरा कोळसा हवा झाला आणि त्याचा भाव चढला. पावसाळ्यात तो दमट व्हायचा, वाफेचं प्रेशर पडायचं, कागद ओला निघायचा आणि गिऱ्हाईक शिव्या घालायचं. जुना बॉयलर अजून शेडमध्येच होता, ताडपत्री टाकून ठेवलेला. अण्णांचा मुलगा संदीप हिशेबाने चालणारा माणूस. क्रेडिटची माहिती एका सेमिनारमध्ये ऐकून आमच्याकडे आला तोही तोच. त्याने मला स्वच्छ सांगितलं होतं, ‘‘मॅडम, क्रेडिट आले तर ठीक. नाही आले तर ताडपत्री निघणार. आय हॅव नो चॉइस.’’

त्यामुळे मला रोज सकाळी आधी ती ताडपत्री आठवायची, मग चहा.

प्रोजेक्ट मंजूर होण्याआधी व्हॅलिडेटर येतो. हा बाहेरचा तपासनीस. कागद बघतो, बॉयलर बघतो आणि गावातल्या लोकांशी बोलतो. लोकांची काही तक्रार आहे का, हे त्याने स्वतः विचारावं असा नियम होता. आमचे व्हॅलिडेटर रामनाथन चेन्नईहून आले. बारीक अंगकाठी, कपाळाला विभूती, बोलणं कमी. कागद त्यांनी दिवसभर वाचले आणि त्यांना काही सापडलं नाही. बॉयलरची ऑर्डर क्रेडिटसाठी अर्ज करायचं ठरल्यानंतरचीच होती. सगळं जिथल्या तिथे होतं. मला जरा हायसं वाटू लागलं होतं.

गावकऱ्यांची मीटिंग ठरवण्याचं काम माझं. मी अण्णांना सांगितलं होतं, चार लोक बोलवा, मोकळं बोलू द्या. अण्णांनी मांडव घातला. लाउडस्पीकर लावला. रामनाथन यांना शाल आणि नारळ दिला, साठे सरांना दिला, मलाही दिला. पेढे वाटले. आपल्याकडे पाहुणा आला की सत्कार आणि सत्कार आला की भाषणं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तक्रारी ऐकायला ठेवलेल्या मीटिंगमध्ये एकामागून एक माणूस उठून अण्णांचे गोडवे गात होता. मी भाषांतर करत होते आणि मनात म्हणत होते, बरं चाललंय.

मग सगुणाबाई उठल्या. कारखान्याच्या मागच्या वस्तीत राहणाऱ्या, साठीच्या पुढच्या.

‘‘ह्या सायबांना खरं काय ते म्हाईत पायजे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागं उन्हाळ्यात आमच्या कुरडया, पापड, समदं काळं पडलं. तेलाची काजळी. आमी बाया पराती घेऊन गेलो आन् अण्णांच्या टेबलावर ठिवल्या. अण्णा काय बोललं न्हाईत. आमाला घेऊन भैरोबाच्या देवळात गेलं. बेल-भंडारा उचलला. म्हनलं, परत कुनाच्या वाळवनावर काजळी पडू देनार न्हाई, कारखाना इकाया लागला तरी बेहत्तर. आन् शब्द पाळला. असा मानूस हाय ह्यो.’’

तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि तेव्हाच रामनाथन यांनी तो प्रश्न विचारला.

देवळात बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ ही गावाकडे शेवटची गोष्ट. त्यापुढे कोर्टही नाही. आणि ती शपथ घेतली गेली तेव्हा अण्णांनी कार्बन क्रेडिट हा शब्दही ऐकलेला नव्हता. म्हणजे निर्णय आधीच झाला होता. म्हणजे पैसे मिळोत न मिळोत, ते होणारच होतं. म्हणजे ॲडिशनॅलिटी संपली.

‘लोक आनंदी आहेत, धूर गेला’ असं म्हणून मी सुटू शकले असते. साठे सर पुन्हा खाकरले. पण खोटं बोलायलाही डोकं थोडं शांत लागतं आणि माझं नव्हतं. शिवाय आमच्या घरात तपासणी या शब्दाला फार मान. वडिलांनी आयुष्यभर दारूगोळा तपासला, आणि तिथे खोटं ‘पास’ लिहिलं तर काय होतं हे त्यांना जेवताना सांगायची सवय होती. मी रामनाथन यांना सगळं सांगितलं. कुरडया, पराती, देऊळ, बेल, भंडारा. भंडारा म्हणजे हळद, हेही सांगितलं. बोलताना माझ्या हातातल्या पेढ्याचा चुरा झाला.

रामनाथन यांनी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून नाही. त्यामुळे मला वाटलं होतं, एका देवळातल्या शपथेला हा माणूस ऑफिशियल पुरावा कसा मानेल? त्यांच्या जागी युरोपातून आलेला एखादा साहेब असता तर त्याने ही लोककथा समजून हसत फोटो काढले असते आणि आम्ही सुटलो असतो. पण रामनाथन स्वतःच्या गावी दर वर्षी देवाला जाणारे. त्यांना शपथ म्हणजे काय ते समजत होतं. तिथेच आमचं नशीब फिरलं.

त्यांनी मला एकच विचारलं. कायद्याने बंधन असतं तर तुम्ही मला क्रेडिट मागितले नसते. या माणसावर त्या कायद्याहून मोठं बंधन आहे असं मला वाटतं. तुम्ही त्यांना ओळखता. क्रेडिट नाही मिळाले तर हा माणूस शपथ मोडेल?

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरंच होतं. मला फक्त ताडपत्री माहीत होती.

परतताना गाडीत मगरपट्ट्याच्या सिग्नलला साठे सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘‘वाघमारे, आपल्या फॉर्ममध्ये कायदेशीर बंधनाचा रकाना आहे. भैरोबाचा नाही. तो आपण कुठे भरायचा?’’ त्यांचा राग आवाजात कधीच यायचा नाही, तो वाक्यात यायचा.

पण डोकं त्यांचं चालायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट काढली. शपथ काजळीची होती, तेलाची नव्हती. तेल तसंच ठेवून चिमणी उंच केली असती तरी काजळी वस्तीवर पडली नसती. वर जाऊन लांब कुठेतरी पडली असती. चिमणी उंच करणं सगळ्यात स्वस्त. तेव्हा अण्णांनी एवढंच लेखी द्यायचं, की क्रेडिट नसते तर मी चिमणी उंच केली असती. शपथही पाळली गेली असती आणि तेलही चाललं असतं. ॲडिशनॅलिटी परत जिवंत. रामनाथन यांना फोन केला तर तेही म्हणाले, असं असेल तर मी विचार करीन. मात्र मालकाने स्वतः म्हटलं पाहिजे.

मला ते पटलं. खरंच पटलं. त्यात खोटं काही नव्हतं, कारण असं करणारे कारखाने मी डोळ्यांनी पाहिले होते. मी स्कूटर काढून हडपसरला गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते, कारण यानंतर आमच्याकडे दुसरी वाट नव्हती.

अण्णा केबिनमध्ये होते, संदीप समोर. मी सगळं नीट समजावून सांगितलं. संदीपचा चेहरा उजळला. ‘‘करेक्ट. अण्णा, सही करा,’’ तो म्हणाला.

अण्णांनी मला विचारलं, ‘‘ताई, चिमणी उंच केली तर काजळी जाती कुठं?’’

वाऱ्यावर अवलंबून, मी म्हटलं. बहुतेक पलीकडच्या मांजरी गावाकडे.

‘‘मांजरीला माझी बहीन दिलेली हाय,’’ अण्णा म्हणाले.

संदीप म्हणाला, ‘‘अण्णा, करायचं नाहीये, फक्त म्हणायचंय.’’

‘‘तेच सांगतो. मी ते केलं नसतं. मग केलं असतं म्हणून कसं लिहू?’’

मी त्यांना विचारलं, मग क्रेडिट नसते तर तुम्ही काय केलं असतं? माझा आवाज चढला होता. त्यांच्यावर मी चिडले होते हे आज कबूल करायला हरकत नाही. त्यांच्याच भल्यासाठी धडपडायचं आणि त्यांनीच पाय ओढायचे.

‘‘हेच केलं असतं,’’ ते म्हणाले. ‘‘जरा उशिरा केलं असतं. रडत-कढत केलं असतं. पर हेच.’’

संदीप उठून बाहेर गेला. शेडच्या दिशेने गेला, हे मी खिडकीतून पाहिलं.

निकाल आला तो रामनाथन यांच्या स्वभावासारखाच थोडक्यात होता. हा प्रकल्प क्रेडिटशिवायही झाला असता, म्हणून नामंजूर. साठे सरांनी तो वाचून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘आपल्या क्लायंटचं चारित्र्य फार चांगलं निघालं. पुढच्या वेळी आधी चौकशी करा.’’

खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. अण्णांच्या बॉयलरवरच्या फायरमनने फोनवर सांगितलं की ताडपत्री काढलीय. संदीपने जुन्या बॉयलरचे व्हॉल्व्ह साफ करायला माणूस लावला होता. मी साठे सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘काळा धूर दिसला तर फोटो काढा. अपीलला लागेल.’’

ते थट्टा करत नव्हते. अण्णा तेलावर परत गेले असते तर आमचंच म्हणणं सिद्ध झालं असतं, की क्रेडिटशिवाय हे टिकत नाही. मग अपील करता आलं असतं. माझी दुसरी एक साइट हडपसरच्या पुढे होती, म्हणून मी आठवड्यातून एकदा त्या रस्त्याने जायचे. वाटेतल्या उड्डाणपुलावर आले की स्कूटर बाजूला घ्यायची आणि कारखान्यांच्या चिमण्यांकडे बघायची. ऑफिसचा कॅमेरा पर्समध्ये असायचा. धूर काळा दिसावा की दिसू नये, हे माझं मलाच कळेना. काळा दिसला तर आम्ही जिंकणार आणि बायकांचं वाळवण खराब होणार. नाही दिसला तर आम्ही चूक ठरणार. अशा विचित्र काळजीने त्या वर्षी माझं वजन घटलं. आईला वाटलं, लग्नाचं टेन्शन.

धूर काही काळा झाला नाही. पावसाळ्यात तर कधी कधी धूरच नसायचा. पांढरा कोळसा भिजला की अण्णा कारखाना बंद ठेवत, पण जुना बॉयलर पेटवू देत नसत. एका पाळीचे कामगार त्यांना कमी करावे लागले. बापलेकांचं बोलणं बंद झालं होतं असं मी ऐकलं. अण्णा मात्र भेटले की विचारत, ‘‘काय ताई, धुराचं कसं काय?’’ मला त्यांच्याकडे नीट बघवायचं नाही.

त्याच सुमारास आमचा दुसरा एक क्लायंट मंजूर झाला. तोही हडपसरचाच, तोही तेलावरून पांढऱ्या कोळशावर गेलेला. याने कुणाला शब्द दिलेला नव्हता. त्याच्या मीटिंगला कुणी आलंच नाही, तेही नियमात बसलं. ऑफिसात पेढे आले. मी पेढा घेतला आणि तसाच ठेवून दिला.

मग काही वर्षांनी बाजार पडला. परदेशातल्या सरकारांनी धोरणं बदलली, बाहेरून क्रेडिट घेणं आवरतं घेतलं आणि न निघालेल्या धुराला कुणी विचारेना. तपासणीची फीसुद्धा सुटेनाशी झाली. आमच्या कन्सल्टन्सीत खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. माझी खुर्ची कधी जाते या धास्तीत मी सॉफ्टवेअरचा एक कोर्सही लावला. अशाच एका सकाळी पुलावर सवयीने स्कूटर थांबवली, तर काळा धूर दिसला. जाड, डांबरासारखा. मग नीट बघितलं. तो अण्णांचा नव्हता, पलीकडच्या चिमणीचा होता. आमच्या मंजूर झालेल्या क्लायंटने क्रेडिट पडल्याबरोबर तेल सुरू केलं होतं.

मी फोटो काढला. इतकी वर्षं कॅमेरा बाळगून काढलेला तो एकच. साठे सरांनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाले, ‘‘हा खरा ॲडिशनल. पैसे थांबले, काम थांबलं. पुस्तकात छापावा असा.’’

त्यांनी तो फोटो परत दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही टोमण्याचं म्हटलं नाही.

रामनाथन बरोबर होते. त्यांनी लिहिलं होतं की अण्णा क्रेडिटशिवायही हे करतील. त्यानंतर अण्णांनी रोज सकाळी बॉयलर पेटवून तो निकाल खरा करून दाखवला. जुना बॉयलर शेवटी भंगारात गेला. कारखाना आता संदीप चालवतो, पांढऱ्या कोळशावरच. कारण विचारलं तर सांगतो, फ्युएल मिक्स ऑप्टिमायझेशन. सगुणाबाईंना विचारलं तर वेगळं सांगतील.

आता आपल्या सरकारचा स्वतःचा कार्बन बाजार येतो आहे. मोठ्या कारखान्यांना धुराची मर्यादा घालून देणार, जो त्याखाली राहील त्याने विकायचं, जो वर जाईल त्याने घ्यायचं. मर्यादा घालणं मला जास्त बरं वाटतं. त्यात कुणाच्या मनात काय होतं ते विचारत नाहीत. पण तिथेही छोट्या, मर्यादेबाहेरच्या लोकांसाठी तीच जुनी अट आहे, की एरवी तुम्ही हे केलं असतं का? भाव टिकेल का, सरकार मध्येच नियम बदलेल का, ही काळजीही जुनीच. मी या विषयावर तरुण इंजिनिअरांचं ट्रेनिंग घेते. ती मुलं लॅपटॉपवर मॉडेल चालवतात आणि आकडे फार सुंदर काढतात.

त्यांना मी अण्णांची गोष्ट सांगते. एकदा एका मुलीने विचारलं, ‘‘मॅम, पण मदतीची गरज तर त्यांनाच होती ना?’’

होती. सगळ्यात जास्त त्यांनाच होती. मी तिला म्हटलं, त्याचा रकाना अजून निघालेला नाही, निघाला तर मला कळव. आणि तोवर एक कर. साइटवर गेलीस की कागद मागायच्या आधी मागच्या वस्तीत जा. तिथे कुणाला काय शब्द दिलाय ते विचार. दिला असेल तर मालकाला लगेच सांग, की तुम्हाला काही मिळणार नाही. काम तो करतोच. निदान त्याचा मांडवाचा खर्च वाचेल.